शस्त्रक्रियेची तारीख ठरते, तेव्हा मनाचे काय?

कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरलेल्या किंवा नुकतीच झालेल्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे या सदराकडे सातत्याने येतात. त्यांपैकी सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे आटोपशीर केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ही उत्तरे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु त्यांना नेमके काय विचारावे, हे ठरवायला ती उपयोगी पडावीत.

प्रश्न : माझ्या वडिलांना स्वरयंत्राचा कर्करोग झाला असून तीन आठवड्यांनी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया आहे. शल्यचिकित्सकांनी रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि भूलतज्ज्ञांची भेट यांच्या यादीतच मानसशास्त्रज्ञांची भेटही लिहून दिली. ती वाचून बाबा चिडले. “मी वेडा आहे का?” असे म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला. ते रडत नाहीत, तक्रार करत नाहीत. फक्त फारच कमी बोलतात. त्यांना बळेच न्यावे का? शस्त्रक्रिया झाल्यावर गरज भासली तर पाहू, असे ठरवले तर काय बिघडेल?

उत्तर : मानसशास्त्रज्ञांची भेट ईसीजीच्या यादीत आहे, ही तुमच्या शल्यचिकित्सकांच्या बाजूने बोलणारी गोष्ट आहे. ईसीजी काढायला सांगितला म्हणून आपले हृदय दुबळे ठरले, असे कोणी मानत नाही. एवढा मोठा ताण सोसण्यापूर्वी हृदयाची स्थिती कशी आहे आणि कोठे जपावे लागेल, हे कळावे म्हणून तो काढतात. या भेटीचा हेतूही तोच असतो. बाबांशी बोलताना ‘मन’ हा शब्द हवा तर बाजूला ठेवा आणि ही शस्त्रक्रियेच्या तयारीची भेट आहे असे सांगा. त्यात खोटे काहीच नाही. शल्यचिकित्सकांनी स्वतः “माझ्या प्रत्येक रुग्णाला मी तेथे पाठवतो” असे एक वाक्य उच्चारले, तर ते घरच्यांच्या तासाभराच्या समजावणीपेक्षा अधिक काम करते, असा माझा अनुभव आहे. बळेच मात्र नेऊ नका.

बाबांचा राग नवा नाही, आणि या क्षेत्रातल्या लोकांनी तो गंभीरपणे घेतलेला आहे. जिमी हॉलंड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ महिलेने १९७७ पासून न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात रुग्णांच्या मनाकडे पाहणारा स्वतंत्र विभाग उभा केला. पुढे १९९९मध्ये नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क या संस्थेची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे त्यांच्या पुढाकाराने तयार झाली, तेव्हा ‘मानसिक आजार’ हा शब्द जाणीवपूर्वक टाळून ‘डिस्ट्रेस’, म्हणजे त्रास किंवा क्लेश, असा साधा शब्द निवडण्यात आला. वेडेपणाचा शिक्का बसेल या भीतीने लोक बोलायचे थांबतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यातूनच रूढ झालेला ‘त्रासाचा तापमापक’ आजही वापरतात. कागदावर तापमापकाचे चित्र असते, त्यावर ० ते १० आकडे असतात, आणि गेल्या आठवडाभरात किती त्रास झाला त्यावर रुग्णाने खूण करायची असते. ४ किंवा त्याहून वर खूण आली, की पुढची सविस्तर विचारपूस करतात. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

भेटीत आणखी काय विचारतात? पूर्वी कधी मन खचले होते का, झोप कशी आहे, झोपेच्या गोळ्या घेता का, शस्त्रक्रियेविषयी काय समजले आहे, घरी कोण आहे. मद्य आणि तंबाखूविषयीही विचारतील, आणि येथे खरे उत्तर मिळणे फार महत्त्वाचे आहे. रोज बऱ्यापैकी मद्य घेणाऱ्या माणसाचे मद्य रुग्णालयात दाखल होताच अचानक बंद होते आणि साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, क्वचित झटके सुरू होऊ शकतात. शस्त्रक्रियेनंतरच्या नाजूक दिवसांत हे जिवावर बेतू शकते. आधी माहीत असेल तर बहुतेक वेळा टाळता येते. शेवटी एक प्रश्न असतो : “सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?” त्याचे उत्तर घरच्यांनी गृहीत धरलेल्या उत्तरापेक्षा पुष्कळदा वेगळे निघते. मरणाला न घाबरणारा माणूस, शस्त्रक्रियेनंतर श्वासासाठी राहणारे गळ्यावरचे छिद्र पाहून नातवंड जवळ येणार नाही, या विचाराने रात्र-रात्र जागा असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नंतर पाहू म्हटले तर काय बिघडेल हा. इतर शस्त्रक्रियांच्या बाबतीत मी कदाचित अधिक सावधपणे उत्तर दिले असते. तुमच्या बाबांच्या बाबतीत अडचण अगदी उघड आहे. स्वरयंत्र पूर्ण काढल्यावर नेहमीच्या आवाजात बोलता येत नाही. अन्ननलिकेतून हवा सोडून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेल्या झडपेच्या साहाय्याने किंवा गळ्याला टेकवायच्या विजेवरच्या उपकरणाने पुन्हा बोलता येते, परंतु ते शिकायला वेळ लागतो. म्हणजे मनात सर्वांत जास्त साचलेले असेल त्याच दिवसांत ते सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नसेल. बोलून करायचा उपचार बोलता येत असतानाच सुरू झालेला बरा.

दुसरे कारण काळाचे आहे. मनावरचा भार शस्त्रक्रियेपासून नव्हे, निदानापासून वाढतो. स्वीडनमधील १९९१ ते २००६ या काळातील साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाचे निदान झालेल्यांमध्ये पहिल्या आठवड्यात आत्महत्येचे प्रमाण कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे बारापट, तर पहिल्या वर्षभराचा विचार करता सुमारे तिप्पट आढळले. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. प्रत्यक्षात अशा घटना विरळाच असतात. परंतु निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधले दिवस आपण ‘वाट पाहण्याचे’ दिवस मानतो, आणि ते तसे नसतात, एवढे यावरून कळते. तसेच, न रडणारा माणूस सावरलेला असतो असेही नाही. स्कॉटलंडमधील कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागांत २१,००० हून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ७३ टक्के जणांना त्यावर योग्य उपचार मिळत नसल्याचे दिसले. बाबांचा अबोला हा त्यांचा स्वभाव असू शकतो, विचार चालू असल्याची खूण असू शकते किंवा नैराश्यही असू शकते. बाहेरून पाहून मला किंवा तुम्हाला ते ठरवता येणार नाही.

तीन आठवडे थोडे वाटले तरी त्यांत बरेच होऊ शकते. वाचोपचारतज्ज्ञांशी, म्हणजे पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांशी, आधीच भेट घ्या. अशाच शस्त्रक्रियेनंतर नव्याने बोलायला शिकलेल्या व्यक्तीशी भेट घडवता आली तर अवश्य घडवा. त्या अर्ध्या तासाची बरोबरी आमचे समुपदेशन करू शकत नाही, हे मोकळेपणाने सांगतो. पहिल्या दिवसांत ‘दुखते आहे’, ‘श्वास अडतो आहे’, ‘पाणी’ यांसाठी कोणत्या खुणा, पाटी की मोबाइल, हे घरात बसून ठरवा. काही जण आपल्या आवाजात जवळच्यांसाठी काही शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवतात. बाबांना ते नको असेल तर आग्रह नको. मोठ्या शस्त्रक्रियांच्या आधी चालण्याचा व्यायाम, आहार, तंबाखू सोडणे आणि मनाची तयारी असा एकत्रित कार्यक्रम आता अनेक ठिकाणी देतात. अशा मानसिक तयारीने शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि अस्वस्थता काहीशा कमी होतात असे संशोधनांचे एकत्रित परीक्षण सुचवते. पुरावा अजून फार भक्कम नाही, परंतु अपायही दिसलेला नाही.

प्रश्न : सगळे मला सांगतात, “सकारात्मक विचार कर, म्हणजे बरी होशील.” मला ते जमत नाही. माझ्या भीतीमुळे माझा आजार वाढेल का?

उत्तर : नाही. डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांची भावनिक स्थिती आणि ते किती काळ जगले यांच्यात संबंध आढळला नाही. तुमच्या भीतीने गाठ वाढत नाही आणि हसल्याने ती विरत नाही. असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे आजाराच्या ओझ्यावर आणखी एक ओझे चढते : आनंदी दिसण्याचे. मनावरचे उपचार घ्यायचे ते तुमचे दिवस सुसह्य व्हावेत, झोप यावी, उपचार अर्धवट सुटू नयेत म्हणून. ही कारणे पुरेशी आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपासून मी नैराश्यासाठी एसिटालोप्रामची गोळी घेते आणि बरी आहे. आता स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली आहे. सासूबाई म्हणतात की भूल द्यायची असताना अशा गोळ्या अंगात नकोत. गोळी आठवडाभर आधी बंद करू का?

उत्तर : आपल्या मनाने मुळीच बंद करू नका. ही गोळी अचानक थांबवली तर काही दिवसांतच चक्कर, चिडचिड, झोपमोड, अंगात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो, आणि मूळ नैराश्य परतण्याचा धोका नेमक्या नको त्या वेळी ओढवतो. या गटातील गोळ्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या काळातही चालू ठेवायला सांगतात. सासूबाईंची काळजी अगदीच निराधार मात्र नाही, कारण काही औषधांशी या गोळीचे जुळत नाही. म्हणून ती लपवणे हीच खरी चूक ठरेल.

भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांनाही गोळीचे नाव आणि मात्रा लेखी द्या. या गोळ्यांमुळे रक्तस्रावाची शक्यता किंचित वाढते, विशेषतः सोबत काही वेदनाशामके असतील तर. ट्रामाडॉल हे वेदनाशामक यांच्याबरोबर जपून वापरावे लागते. आणि एक गोष्ट, जी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : काखेतील पहिली लसिकाग्रंथी शोधण्यासाठी काही ठिकाणी मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टोचतात. त्याचा तुमच्या गोळीशी संयोग झाल्यास शरीरात सेरोटोनिन या रसायनाचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११मध्ये याविषयी इशारा दिला होता. ग्रंथी शोधण्याच्या इतर पद्धती आहेत, त्यामुळे आधी सांगितले की प्रश्न मिटतो.

शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध सुरू करण्याची वेळ आली, तर नैराश्याच्या गोळीचा विषय पुन्हा काढा. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेनचे शरीरात प्रभावी रूप तयार होण्यात अडथळा येतो, म्हणून ती टाळतात. तुमच्या गोळीचा असा परिणाम बराच सौम्य असतो. तरी निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : आईच्या गुदाशयात कर्करोगाची गाठ आहे. आम्ही भावंडांनी तिला “साधी गाठ आहे, काढून टाकतील” एवढेच सांगितले आहे. शस्त्रक्रियेत पोटावर मलविसर्जनासाठी कायमचा स्टोमा, म्हणजे पिशवी लावायचे तोंड करावे लागणार आहे. खरे कळले तर ती खचेल आणि शस्त्रक्रियेलाच नकार देईल, अशी भीती वाटते. मानसशास्त्रज्ञांनाही खरे न सांगण्याची विनंती करता येईल का?

उत्तर : विनंती करता येईल, परंतु ती मान्य होईल असे समजू नका. पोटावर कायमचे तोंड करण्यासाठी त्या व्यक्तीची स्वतःची, समजून दिलेली संमती लागते. शुद्धीवर आल्यावर पोटाला पिशवी पाहूनच हे कळणार असेल, तर त्या क्षणी आईच्या मनात आजारापेक्षा मोठा प्रश्न उभा राहील : माझ्याच मुलांनी हे मला का सांगितले नाही? पुढचे कित्येक महिने तिला ज्यांच्या मदतीची गरज आहे त्यांच्यावरचाच विश्वास असा डळमळू देऊ नका.

तुम्ही प्रेमापोटीच लपवले आहे, हे मी जाणतो. लपवणे आणि एका दमात सगळे ओतणे, यांच्यामध्ये बरीच जागा आहे. डॉक्टरांनी आईलाच विचारावे, “तुम्हाला आजाराविषयी काय वाटते? किती जाणून घ्यायला आवडेल? की मुलांशी बोलू?” पुष्कळ आयांना अंदाज आलेला असतो आणि त्याही मुलांसाठी गप्प असतात. आईने “मला तपशील नकोत, मुलांना सांगा” म्हटले तर तोही तिचा अधिकार आहे. तरी पिशवीविषयी तिला कळायलाच हवे. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी तिला उभे करून, बसवून, वाकायला लावून त्वचेवर खुणेने ठरवतात, जेणेकरून ती कमरपट्ट्याखाली किंवा घडीत येणार नाही आणि तिला स्वतःला दिसेल. जागा नीट निवडली गेली तर गळती आणि त्वचेचा त्रास कमी होतो, आणि वासाची, लाजेची, बाहेर न पडण्याची जी चिंता नंतर मन पोखरते तीही पुष्कळ कमी होते. रिकामी पिशवी घरी आणून तिला हाताळू द्या. मानसशास्त्रज्ञांची मदत घ्यायची ती आईला कसे सांगावे यासाठी, आणि तुम्हा भावंडांसाठीही. तुमच्या पत्रात आईपेक्षा तुमचीच झोप उडालेली दिसते.

प्रश्न : बाबांचे वय ७६. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री ते असंबद्ध बोलू लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाले, सलाइनची सुई उपटली. दिवसा ठीक असत. चार दिवसांत सगळे निवळले. कर्करोगाच्या धसक्याने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला का?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेले चित्र डेलिरियमचे, म्हणजे शारीरिक कारणाने आलेल्या तात्पुरत्या गोंधळलेल्या अवस्थेचे दिसते. धसका हे त्याचे कारण नव्हे. वय, मोठी शस्त्रक्रिया, संसर्ग, रक्तातील क्षारांचा बिघाड, तुंबलेली लघवी, अपुरी झोप, काही औषधे अशा कारणांनी मेंदूचे काम काही काळ विस्कळीत होते, आणि दिवसा बरे व रात्री वाईट ही त्याची खास खूण आहे. याचा एक शांत प्रकारही असतो : रुग्ण गप्प, सुस्त पडून राहतो, आणि सगळ्यांना वाटते की तो निराश झाला आहे. तो प्रकार हमखास नजरेतून सुटतो. पुढे कधी पुन्हा शस्त्रक्रिया झाली तर ही घटना भूलतज्ज्ञांना आधी सांगा, झोपेच्या गोळ्यांची यादी द्या, आणि चश्मा व श्रवणयंत्र लवकरात लवकर त्यांना परत मिळेल असे पाहा. ओळखीचा चेहरा, समोर घड्याळ, दिवसा उजेड आणि रात्री अंधार यांचा उपयोग होतो. बाबांना त्या रात्रीचे काही आठवत असेल तर ते शरमलेले असू शकतात. विषय टाळू नका.

प्रश्न : माझे वय ४४. तीन महिन्यांपूर्वी जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तपासण्या चांगल्या आल्या आहेत. सगळे म्हणतात, “सुटलास.” मला मात्र कशातच रस वाटत नाही, पहाटे तीनला जाग येते, मुलांवर ओझे झालो आहे असे वाटते. कधी वाटते, सकाळी जागच आली नाही तर बरे. शस्त्रक्रियेआधी मी धीराचा होतो. आता उशीर झाला आहे का?

उत्तर : उशीर झालेला नाही. परंतु सकाळी जाग न आली तर बरे, हा विचार तुम्ही मला लिहिलात तसाच आज घरातील एका व्यक्तीला सांगा, आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. स्वतःला इजा करण्याचा विचार किंवा बेत मनात आला, तर तेवढेही थांबू नका; कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि तोपर्यंत एकटे राहू नका.

शस्त्रक्रियेआधी धीराचे असणारे बरेच जण नंतर ढासळतात, यात विसंगती नाही. आधी तारीख असते, तपासण्या असतात, भोवती माणसे असतात. पुढचे पाऊल काय हे कोणीतरी सांगत असते. टाके निघतात, येणारे-जाणारे थांबतात, आणि आपण कशातून गेलो हे मन त्या शांततेत प्रथमच मोजू लागते. अमेरिकेत २००० ते २०१६ या काळात कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १८ लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला आहे. ज्यांनी पुढे आयुष्य संपवले त्यांच्यापैकी सुमारे ३ टक्के जणांनी ते पहिल्या महिन्यात, २१ टक्के जणांनी पहिल्या वर्षाच्या आत आणि निम्म्यांनी पहिल्या तीन वर्षांत संपवले. म्हणजे घरी सोडताना केलेली एकदाची विचारपूस पुरत नाही. ती पुढच्या प्रत्येक तपासणीत पुन्हा व्हायला हवी. तुमच्या बाबतीत ती झाली नसेल तर चूक तुमची नाही.

जठराच्या शस्त्रक्रियेनंतर भूक कमी होते, वजन उतरते, थकवा राहतो, आणि हीच नैराश्याचीही लक्षणे असल्यामुळे “अशक्तपणा आहे, जाईल” असे म्हणून विषय संपवला जातो. याच अडचणीमुळे १९८३मध्ये रुग्णालयांसाठी खास बनवलेल्या १४ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीतून शारीरिक लक्षणे जवळजवळ वगळलेली आहेत. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी रस नसणे आणि ओझे झाल्याची भावना यांकडे मी अधिक लक्ष देईन, कारण ती अशक्तपणाने येत नाहीत. शरीराची बाजूही तपासून घ्या : जठर काढल्यावर ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाणे कमी होते आणि त्याच्या कमतरतेने मनही खिन्न होऊ शकते.

यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. स्कॉटलंडमध्येच झालेल्या, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीव्र नैराश्य असलेले ५०० कर्करोगरुग्ण होते. प्रशिक्षित परिचारिका आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी नेमाने पाठपुरावा करून, बोलून आणि गरजेप्रमाणे औषध देऊन उपचार केलेल्या गटात २४ आठवड्यांनी ६२ टक्के जणांचे नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण १७ टक्के होते. औषध दिले गेले तर त्याचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फरक नाही म्हणून ते सोडू नका.

डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचत नाहीत आणि “बरे आहे” असे तोंडातून निघून जाते, अशी तक्रार अनेक जण करतात. म्हणून तुमच्या पत्रातली ती चार वाक्ये जशीच्या तशी कागदावर लिहून न्या आणि तो कागदच त्यांच्या हातात द्या. पुढच्या तपासणीची तारीख तुम्ही कळवलेली नाही; ती येत्या दोन दिवसांतली नसेल, तर तिची वाट पाहू नका.